मॉर्मन लोकांचा इतका राग का? दोनशे वर्षांच्या वैराची गोष्ट, सोप्या भाषेत

२८ सप्टेंबर २०२५, रविवार सकाळ. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ग्रँड ब्लँक इथल्या एका चर्चमध्ये प्रार्थना चालू होती. एका माणसानं आपला पिकअप ट्रक थेट इमारतीवर घातला, खाली उतरून गोळीबार केला आणि चर्चला आग लावली. प्रार्थनेला आलेले चौघे जण प्राणाला मुकले. हल्लेखोर पोलिसांच्या गोळीनं मेला. चर्च मॉर्मन पंथाचं होतं आणि त्या माणसाच्या मनात या पंथाबद्दल टोकाचा द्वेष होता, हे नंतर पुढे आलं. त्यानंतर काही दिवसांतच दुसऱ्या राज्यातल्या एका मॉर्मन माणसानं हल्लेखोराच्या मागे राहिलेल्या कुटुंबासाठी निधी गोळा करायला सुरुवात केली. तीन लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि देणाऱ्यांत मॉर्मनच मोठ्या संख्येनं होते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला हे लोक माहीत असतात ते दारावर येणाऱ्या दोन मुलांमुळे. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी, बोलणं अतिशय नम्र. दारू नाही, सिगारेट नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. अशा माणसांचा कुणाला एवढा राग का यावा?

धर्ममतांवरून वाद पहिल्या दिवसापासून होते. पण माझ्या मते वादाचा वणवा झाला तो दर वेळी एकाच कारणानं: हा समाज एकजुटीनं वागताना दिसला की. एकत्र जमीन घेणारा, एकत्र मत देणारा, एका माणसाचा शब्द मानणारा. त्या एकजुटीवर काही रास्त प्रश्न होते आणि आजही आहेत. पण ते प्रश्न विचारता विचारता लोकांनी माणसंच मारली, घरं जाळली, म्हणून दोन्ही गोष्टी नीट वेगळ्या करून पाहायला हव्यात.

हे लोक नेमके कोण?

न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा भागात वाढलेला जोसेफ स्मिथ हा शेतकऱ्याचा मुलगा. देवदूतानं आपल्याला सोन्याचे पत्रे असलेला प्राचीन ग्रंथ दाखवला आणि दैवी शक्तीनं आपण त्याचं भाषांतर केलं, असं त्याचं म्हणणं होतं. तो ग्रंथ १८३० मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ या नावानं छापला गेला आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्च स्थापन झालं. मॉर्मन हे नाव या ग्रंथावरून पडलं. अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं लांबलचक आहे आणि २०१८ पासून चर्च त्याचाच आग्रह धरतं. लेखात मी रुळलेला शब्द वापरतो आहे, त्यात कमीपणा दाखवण्याचा हेतू नाही.

आज जगभर सभासद १ कोटी ७० लाखांच्या वर आहेत. मुख्यालय यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला. सर्वोच्च नेत्याला ‘प्रॉफेट’, म्हणजे देवाचा संदेश आजही थेट मिळणारा माणूस, मानतात. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा असतो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा: हयात प्रॉफेट आणि दहावा हिस्सा. पुढचा बराचसा इतिहास या दोन खुंट्यांवर टांगलेला आहे.

मिझुरी: एकगठ्ठा मतांची भीती

आपल्याकडच्या एखाद्या छोट्या ग्रामपंचायतीची कल्पना करा. बाहेरून दीडदोनशे कुटुंबं येतात, रस्त्यालगतची जमीन विकत घेतात, स्वतःची दुकानं काढतात आणि तिथंच खरेदी करतात. पुढच्या निवडणुकीत सगळे एकाच माणसाला मत देणार हे उघड असतं. वर ते सांगतात की हे गाव देवानंच आम्हाला नेमून दिलं आहे. जुन्या गावकऱ्यांची झोप उडायला त्यांचा देव कोणता हे कळायचीही गरज नाही.

मिझुरी राज्याच्या जॅक्सन काउंटीत १८३१ पासून हेच झालं. स्मिथनं ती जागा ‘झायन’, म्हणजे येणाऱ्या देवराज्याची नगरी, म्हणून जाहीर केली आणि अनुयायी तिथं लोटले. बहुतेक जण उत्तरेकडचे, गुलाम न बाळगणारे. मिझुरी हे गुलामगिरीचं राज्य. १८३३ च्या जुलैमध्ये मॉर्मनांच्या वृत्तपत्रात मुक्त कृष्णवर्णीयांच्या मिझुरीत येण्याबद्दलचे कायदे समजावणारा मजकूर आला. हे लोक मुक्त काळ्यांना बोलावून घेणार आणि आपले गुलाम बिथरवणार, असा बभ्रा झाला. जमावानं छापखाना पाडला, बिशप एडवर्ड पार्ट्रिज यांच्या अंगाला डांबर फासून वर पिसं चिकटवली. हिवाळ्याच्या तोंडावर हजाराहून अधिक माणसांना काउंटीबाहेर हाकललं.

पाच वर्षांनी मिझुरीच्याच उत्तर भागात पुन्हा तेच. ६ ऑगस्ट १८३८ ला गॅलटिन गावात मतदानाच्या दिवशी मॉर्मनांना मत देऊ द्यायचं नाही म्हणून मारामारी झाली. तिथून ठिणगी पडली. इथं मॉर्मनांची बाजूही स्वच्छ नव्हती. त्यांचे एक नेते सिडनी रिग्डन यांनी त्याआधी महिनाभर, ४ जुलैच्या भाषणात, आमच्यावर चालून याल तर तो निःपाताचा संग्राम होईल अशी भाषा वापरली होती. ‘डॅनाइट’ नावाची त्यांची गुप्त टोळीही होती. दोन्हीकडून घरं जळली, धान्य लुटलं गेलं.

आणि मग २७ ऑक्टोबर १८३८ ला राज्याचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला: मॉर्मनांना शत्रू समजावं, त्यांचा निःपात करावा किंवा त्यांना राज्याबाहेर घालवावं. निवडून आलेल्या गव्हर्नरानं आपल्याच राज्यातल्या नागरिकांबद्दल हे लिहिलं, आणि हा हुकूम अधिकृतपणे मागे घेतला गेला तो थेट १९७६ साली.

तीन दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर दोनशेहून जास्त सशस्त्र माणसं चालून आली. हुकूम त्यांच्यापर्यंत पोचला होता का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. वस्तीतले पुरुष आणि मुलगे लोहारशाळेत शिरले. ती ओंडक्यांची होती आणि ओंडक्यांमधल्या फटी रुंद होत्या. बाहेरच्यांनी त्या फटींतून बंदुका आत घालून गोळ्या झाडल्या. दहा वर्षांचा सार्डियस स्मिथ लोहाराच्या भात्याखाली लपला होता. त्याला शोधून, जवळून गोळी घातली. सतरा जण मेले. पुरायला उसंत नव्हती म्हणून प्रेतं अर्धवट खणलेल्या विहिरीत टाकावी लागली.

त्या हिवाळ्यात आठ ते दहा हजार माणसं मिझुरी सोडून गेली. आजचे मॉर्मन ‘आमचा छळ झाला’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हे असतं. त्यात अतिशयोक्ती नाही.

नावू: सत्ता एका हातात आली की

शेजारच्या इलिनॉय राज्यानं त्यांना आसरा दिला. मिसिसिपीच्या काठी त्यांनी नावू हे शहर उभारलं. चारपाच वर्षांत तिथं हजारोंची वस्ती झाली, ते राज्यातल्या मोठ्या शहरांपैकी एक झालं. शहराला स्वतःची न्यायालयं होती, स्वतःचं शस्त्रसज्ज दल होतं. जोसेफ स्मिथ हे प्रॉफेट, महापौर आणि या दलाचे सेनापती. १८४४ मध्ये ते अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीही उभे राहिले.

या टप्प्यावर मला विरोधकांची काळजी समजते. स्मिथ गुप्तपणे अनेक स्त्रियांशी विवाह करत होते. त्यांच्याच जवळच्या काही सहकाऱ्यांनी फुटून ७ जून १८४४ ला ‘नावू एक्स्पॉझिटर’ हे वृत्तपत्र काढलं आणि हे प्रकरण चव्हाट्यावर आणलं. तीन दिवसांत नगर परिषदेच्या आदेशानं आणि महापौर स्मिथ यांच्या हुकमावरून छापखाना मोडून टाकण्यात आला. वृत्तपत्राचा एकच अंक निघाला. अकरा वर्षांपूर्वी ज्यांचा छापखाना जमावानं फोडला होता, त्यांनीच हे करावं याचं दुःख होतं.

स्मिथ यांना अटक झाली. गव्हर्नरनं संरक्षणाचा शब्द दिला होता. तरीही २७ जूनला चेहरे रंगवलेल्या जमावानं कार्थेजच्या तुरुंगात घुसून त्यांना आणि त्यांचा भाऊ हायरम याला गोळ्या घातल्या. पाच जणांवर खटला चालला, पाचही सुटले. छापखाना मोडणाऱ्याला कोर्टात उभं करायचं असतं. त्याला मारून टाकल्यावर त्याच्या अनुयायांच्या मनातला त्याच्याबद्दलचा प्रत्येक प्रश्न मिटला आणि तो हुतात्मा झाला.

बहुपत्नीत्वाला विरोध म्हणजे द्वेष कसा?

हा आक्षेप रास्त आहे. ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली हे लोक जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात पोचले. २९ ऑगस्ट १८५२ ला बहुपत्नीत्व ही धर्माज्ञा असल्याचं त्यांनी तिथं उघडपणे जाहीर केलं. यंग यांच्याच पन्नासहून अधिक बायका होत्या. जोसेफ स्मिथ यांच्या तीस ते चाळीस, आणि त्यांतली एक मुलगी लग्नाच्या वेळी पंधराचीही नव्हती, हे २०१४ मध्ये चर्चनं स्वतः लिहून मान्य केलं आहे. अशा प्रथेला विरोध करायलाच हवा होता. बहुतेक मॉर्मन पुरुषांना एकच बायको होती, तरी पुढाऱ्यांचा नमुना समोर असताना ‘नाही’ म्हणणं तरुण मुलीला किती शक्य होतं?

त्याच ऑगस्टच्या सभेत भारतासाठीही धर्मप्रचारक निवडले गेले. त्याआधीच ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक मुंबईत येऊन पोचला होता आणि १८५२ मध्येच त्यानं पुण्यात एक छोटी शाखा उभी केली होती. मुंबईतल्या इंग्रज धर्मगुरूंनी आणि ख्रिस्ती वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. बहुपत्नीत्वाची बातमी आल्यावर तर गोऱ्यांच्या वस्तीत मॉर्मन प्रचारकांना कुणी उभं करेना. चारेक वर्षांत हिंदुस्थानातलं ते काम गुंडाळलं गेलं.

अमेरिकेत १८५६ मध्ये नव्या रिपब्लिकन पक्षानं गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना रानटीपणाचे दोन जुळे अवशेष ठरवलं. १८७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेनॉल्ड्स या मॉर्मन माणसाच्या बहुपत्नीत्वाच्या खटल्यात निकाल दिला की श्रद्धा बाळगायला मोकळीक आहे, पण श्रद्धेच्या नावावर काहीही करायला नाही. उदाहरण कुठलं घेतलं? नवऱ्याच्या चितेवर जळून जाणं हे आपलं धर्मकर्तव्य आहे असं एखाद्या पत्नीला वाटलं, तर सरकारनं तिला अडवू नये का? म्हणजे आपली सतीची चाल. सतीचा मुद्दा कुणालाही पटेल. पण त्याच निकालपत्रात असंही लिहिलं की बहुपत्नीत्व उत्तर आणि पश्चिम युरोपातल्या राष्ट्रांना नेहमीच घृणास्पद वाटलं आहे, मॉर्मन येईपर्यंत ते जवळजवळ आशिया-आफ्रिकेतल्या लोकांपुरतंच होतं. कायद्याच्या योग्य मुद्द्याला वंशाचा तिरस्कार कसा चिकटतो, हे आपल्यासारख्या आशियाई वाचकाला इथं चटकन दिसावं.

पुढचे कायदे बायकांच्या भल्याच्या नावानं आले. तेराशेच्या आसपास पुरुष तुरुंगात गेले. १८८७ च्या कायद्यानं चर्चची मालमत्ता जप्त करायची तरतूद केली आणि यूटातल्या स्त्रियांना १८७० पासून असलेला मताधिकार काढून घेतला. नवऱ्याविरुद्ध साक्ष देत नाही म्हणून काही बायकांनाच कोठडीत टाकलं. आयडाहोमध्ये तर एकच बायको असलेल्या मॉर्मनालाही, तो या चर्चचा सभासद आहे एवढ्यावरून, मत देता येईना, आणि १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं. प्रथेविरुद्धचा लढा माणसांविरुद्ध कुठे वळला, ती जागा ही.

त्याच वर्षी प्रॉफेट विल्फर्ड वुडरफ यांनी बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं. १८९६ मध्ये यूटा राज्य झालं. आज चर्चमध्ये असा विवाह करणाऱ्याला बाहेर काढतात. अनेक बायका असलेल्या मॉर्मनांच्या बातम्या अधूनमधून येतात, वॉरन जेफ्ससारखा म्होरक्या अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारासाठी जन्मठेप भोगतो, ते फुटून निघालेल्या वेगळ्या गटांचे लोक आहेत. ही गल्लत फार सर्रास होते.

पण मॉर्मनांनीही कत्तल केलीच ना?

केली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १८५७ मध्ये अमेरिकी सैन्य यूटावर चालून येत होतं, खोऱ्यात युद्धाचं वातावरण होतं. आर्कान्सॉहून कॅलिफोर्नियाला निघालेला एक तांडा दक्षिण यूटातल्या माउंटन मेडोज इथं पोचला. स्थानिक मॉर्मन सैनिकांनी काही पायूट आदिवासींना सोबत घेऊन त्याला वेढा घातला. मग पांढरं निशाण दाखवून, सुखरूप बाहेर काढतो असं सांगून, त्यांना शस्त्रं खाली ठेवायला लावली. ११ सप्टेंबरला सुमारे १२० जणांना मारलं, त्यांत बायकाही होत्या. बोलून सांगता येणार नाही इतकी लहान सतरा मुलं तेवढी वाचवली. शिक्षा फक्त जॉन डी. ली या एकाला झाली, तीही वीस वर्षांनी. चर्चनं कित्येक दशकं सगळा दोष आदिवासींवर ढकलला. जाहीर खेद व्यक्त झाला २००७ मध्ये.

हॉन्स मिलचा सल इथं निरपराध प्रवाशांवर निघाला, असं बरेच अभ्यासक मानतात. त्यानं खून सौम्य होत नाही.

ते ख्रिस्ती आहेत की नाहीत?

ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. इतर बहुतेक ख्रिस्ती पंथांना हे मान्य नाही, आणि कारणं खरी आहेत. देवपिता, येशू आणि पवित्र आत्मा हे एकाच देवाचं रूप, असं इतर मानतात. मॉर्मनांच्या मते ते तिघे वेगळे, आणि देवपित्याला हाडामांसाचं शरीर आहे. माणूसही पुढे देवासारखा होऊ शकतो. बायबलच्या जोडीला आणखी धर्मग्रंथ आहेत. २००१ मध्ये व्हॅटिकननं मॉर्मन बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) ग्राह्य नसल्याचं सांगितलं.

मतभेद असायला हरकत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा त्यावरून माणसाची नागरिक म्हणून लायकी ठरवतात. मॉर्मन उमेदवाराला अध्यक्षपदासाठी मत देणार नाही असं सांगणारे अमेरिकन गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत १९६७ मध्ये १७ टक्के होते. २०१२ मध्ये, मॉर्मन असलेले मिट रॉमनी अध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना, १८ टक्के. मधल्या काळात कॅथलिक, ज्यू, कृष्णवर्णीय उमेदवारांबद्दलचा विरोध झपाट्यानं ओसरला, हा आकडा मात्र जागचा हलला नाही.

आज राग कशाचा?

एकोणिसाव्या शतकात हे लोक अति बंडखोर वाटत, आता अति सनातनी वाटतात. कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद द्यायचं नाही हा नियम १८५२ पासून थेट जून १९७८ पर्यंत होता. या चर्चमध्ये पगारी पाद्री नसतात, जवळजवळ प्रत्येक पुरुषाला पुरोहितपद मिळतं, म्हणजे ते नाकारणं किती अपमानाचं असेल बघा. १९६९ मध्ये वायोमिंग विद्यापीठाच्या चौदा काळ्या फुटबॉलपटूंनी मॉर्मन विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात दंडाला काळी फीत बांधायची परवानगी मागितली, तर प्रशिक्षकानं त्यांनाच संघातून काढलं.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहांवर बंदी घालणाऱ्या ‘प्रॉपोझिशन ८’ या प्रस्तावासाठी चर्चनं सभासदांना वेळ आणि पैसा द्यायला सांगितलं. कोट्यवधी डॉलर जमले, प्रस्ताव जिंकला आणि मॉर्मन मंदिरांसमोर मोर्चे निघाले. पुन्हा तेच: वरून आलेला शब्द आणि एका दिशेनं गेलेली हजारो माणसं. ज्यांचा लग्नाचा हक्क गेला त्यांच्या संतापाला मी द्वेष म्हणणार नाही.

मृतांचा बाप्तिस्मा हेही एक दुखणं आहे. मेलेल्या माणसाच्या वतीनं जिवंत सभासद बाप्तिस्मा घेतो. भावना पूर्वजांना मुक्ती मिळावी अशी. पण यादीत नाझी छळछावण्यांत मारलेल्या ज्यूंची नावं घुसली. १९९५ मध्ये ते थांबवण्याचा करार झाला, तरी २०१२ मध्ये ॲन फ्रँकचं नाव पुन्हा निघालं. महात्मा गांधींचाही असा बाप्तिस्मा झाल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या होत्या. ज्याला धर्मासाठीच मारलं त्याचा मरणोत्तर धर्म बदलायचा, हे त्याच्या नातवंडांना कसं वाटेल?

आणि पैसा. चर्चच्या गुंतवणूक संस्थेकडे सुमारे १०० अब्ज डॉलर असल्याचं २०१९ मध्ये तिच्याच एका माजी कर्मचाऱ्यानं उघड केलं. शेअरमधली गुंतवणूक नावापुरत्या कंपन्यांमागे लपवल्याबद्दल २०२३ मध्ये अमेरिकी बाजार नियामकानं चर्च आणि ही संस्था यांना मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला. पोटाला चिमटा काढून दहावा हिस्सा देणाऱ्या सभासदाला याचा हिशेब मागायचा पूर्ण हक्क आहे.

मग यातली टीका कुठली आणि द्वेष कुठला?

सगळ्यात टोकदार प्रश्न आज विचारतात ते याच समाजात वाढलेले लोक. चर्चच्या पुढाऱ्यांना मात्र बाहेरचा शत्रू आणि घरातला विचारणारा यांत फरक करणं अजून जड जातं. मिझुरीतला छळ खरा होता. त्या छळाची आठवण ढाल म्हणून पुढे केली की साधी विचारणाही हल्ला ठरते.

ह्यूस्टनचे सॅम यंग हे माजी मॉर्मन बिशप. त्यांची मागणी एवढीच होती की बिशपनं अल्पवयीन मुलामुलींना बंद खोलीत एकटं बसवून लैंगिक वर्तनाबद्दल प्रश्न विचारू नयेत. त्यांनी सह्या गोळा केल्या, सॉल्ट लेक सिटीत मोर्चा काढला, २०१८ च्या उन्हाळ्यात उपोषण केलं. मुलांची इच्छा असल्यास सोबत एक मोठं माणूस बसू शकेल, एवढा बदल चर्चनं त्याच वर्षी केला. सप्टेंबरमध्ये यंग यांना बहिष्कृत केलं.